गौरीपुढले मुठे

“हे काय मांडलंय गौरीपुढं?” मालोजीरावांनी विचारलं.

नामाने पाहिलं. केळीच्या पानावर पुरणपोळी होती, भात होता आणि मधोमध पाच मुठे होते. भाताच्या बांधातले खेकडे, शिजून लाल झालेले, सगळ्यांच्या नांग्या वर. जणू गौर हजेरी घेत होती.

मालोजीराव म्हणजे नामाचे सासरे. घाटावरचे, शिरूरकडचे. लेक दिल्यानंतर ते पहिल्यांदाच तिच्या घरी आले होते, तेही तिच्या पहिल्या गौरीला. लग्न जुळवताना त्यांनी जमीनजुमला विचारला नव्हता. एवढंच विचारलं होतं, “देवधर्म कसा असतो तुमच्यात?” नामा तेव्हा नुकताच खोपोलीच्या कारखान्यात लागला होता आणि सुट्टीच्या दिवशीही पँट घालत होता. “अगदी तुमच्यासारखाच,” तो म्हणाला होता. “गौरीला पुरणपोळी.” खरं तर कर्जतच्या त्या अंगाला गौरीला तिखटाचाच नैवेद्य लागतो, आणि त्याच्या आईच्या, भागूबाईच्या, हातचे मुठे खाल्ल्याशिवाय त्या घरातून गौर कधी परत गेली नव्हती.

कालच त्याने आईला बजावलं होतं.

“या वर्षी मुठे नको गं आई. पावणे काय म्हणतील?”

“गौर वर्षानं माहेराला येते, रं. तिला काय बिस्किटं देऊ?”

नामाने चौकातून हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणून तिच्यापुढे ठेवला. विषय संपला असं त्याला वाटलं. भागूबाईने सकाळी पुरण शिजत घातलं, सुनेला घेऊन बांधावर गेली, कोपरापर्यंत हात बिळात घालून टोपलीभर मुठे काढले आणि दोन्ही रांधलं. तिच्या मते नामाचंही ऐकून झालं होतं आणि गौरीचंही.

मालोजीराव उत्तराची वाट बघत होते. नामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आमच्यात असंच असतं, एवढंच म्हणायचं होतं. बाहेर भलतंच पडलं.

“त्याचं काय आहे मामा,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “आईचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं.”

भागूबाई रश्शाचं पातेलं घेऊन त्याच्या मागेच उभी होती. तिने नामाकडे पाहिलं. नामाने गौरीकडे पाहिलं. गौर समोर बघत राहिली.

भागूबाईने पातेलं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, घराच्या मधल्या मेढीपाशी गेली आणि त्या खांबाच्या पाया पडली. “मामंजी, हात धुवा. पानं वाढलीत.” मग तिने मालोजीरावांचा फेटा खुंटीवरून काढला आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला मायेने पांघरला. “बाळंतीण हाय. वारा लागंल.” परत येऊन तिने नामाला विचारलं, “खोपोलीवरनं वीज यायची व्हती, ती आली का रं? जेवायला सांगितलंय तिला.”

मालोजीरावांनी कपाळाला हात लावला. “अरेरे. कधीपासून हे?”

“आत्ताच,” नामाच्या तोंडून खरं निघून गेलं. “म्हणजे, हल्लीच.”

स्वयंपाकघराच्या दारातून विमल, त्याची बायको, हे सगळं बघत होती. सकाळीच तिने सासूबरोबर टोपली भरली होती. तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याला पँट घातल्याचीही लाज वाटली.

लेकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं भागूबाईने ठरवलेलं दिसत होतं. तिने हयातीत कुठलं काम अर्धवट टाकलं नव्हतं. हेही टाकलं नाही. पानं मांडल्यावर ती मेढीला वारा घालत बसली आणि मेढ कमी जेवते म्हणून तिला रागावली.

“वेडी असली तरी विहीण आहे,” मालोजीराव हळूच म्हणाले. “तिचं मन मोडायचं नाही.” त्यांनी दयेपोटी एक नांगी उचलली. फोडली. चोखली. ओठांवरून जीभ फिरवली. मग त्यांनी दयेपोटी दुसरी उचलली. मग मुठ्याचा पेंदा फोडून आतला लाल गर काढून खाल्ला, रस्सा ओरपला, बोटं मनगटापर्यंत चाटली. गौरीपुढचं पान सोडून घरातले सगळे मुठे त्यांनी दयेपोटी संपवले. पुरणपोळीला हात लावला नाही.

नामाने आपल्या पानातली पुरणपोळी नुसती चिवडली.

निघताना मालोजीरावांनी कोंबडीकडून फेटा मागून घेतला. भागूबाईपुढे वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला. “असल्या माणसात देव असतो,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. तिखटाने की मायेने, कळत नव्हतं. दारात त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. “आईला जपा. औषधपाणी करा. फक्त पुढल्या गौरीच्या आत बरी करू नका.”

विमल वडलांना एस्टीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली. दोघं वळणाआड झाल्यावर नामा आत आला. आई चुलीपुढे बसून नांग्यांची टरफलं गोळा करत होती.

“गेले ते, आई. बस कर आता.”

ती टरफलं गोळा करत राहिली.

“आई, चुकलं माझं. तुझं डोकं चांगलं आहे. मलाच लाज वाटली गं.”

भागूबाईने हात पुसले. पाट पुढे सरकवला, त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली,

“बसा. तुमी कोनाकडं आलाव?”