मनगटाचं माप

"एवढं ठेंगणं?" धाकट्याने विचारलंच.

"असू दे," दादा म्हणाला आणि वाकून स्क्रू पिळत राहिला.

लाकडाला खाचा पाडायचा राउटर ते आजवर हातात धरून चालवत. आता तो टेबलाखाली उलटा बसवायचा, पातं वर काढायचं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. टेबल दादा स्वतःच बनवत होता. विकत आणेल तो दादा कसला!

दुकानात वडिलांपासूनचा दंडक होता. ज्याने मशीन चालवायचं त्याला समोर उभं करायचं आणि टेबल त्याच्या मनगटाशी आणायचं. राउटर चालवायचा धाकटा, पण त्याला कुणी उभं केलं नव्हतं. हे टेबल तर त्याच्या मांडीला लागत होतं.

"खाली पायांना पुढेमागे आडपट्ट्या नाहीत. डुगडुगेल."

"नाही डुगडुगणार."

मग धाकट्याला आठवला वहिनीचा भाऊ. वीतभर उंचीचा माणूस, घरी माशा मारत बसलेला. "ह्याला जरा दुकानात चिकटवा ना," असं वहिनी परवाच दादाला म्हणाली होती. अस्सं! सख्खा भाऊ आता जड झाला काय? शिडीवरून पडून धाकट्याचा गुडघा आखडला होता, तरी तो दिवसभर मशीनशी उभा राहायचा. "जरा बस रे" म्हणालेल्या दादावर त्याने एकदा रंधा भिरकावला होता. त्यानंतर गुडघ्याचं नाव दुकानात कुणी काढलं नव्हतं. आणि इतकं करून हे फळ!

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या कारखान्यात कामाला यायचा शब्द देऊन आला. ज्या गिऱ्हाइकावर दादाचं दुकान चालायचं, तेही त्याने तिकडे वळवलं. बसा म्हणावं आता हात चोळत.

संध्याकाळी तो आपल्या पटाशा न्यायला दुकानात आला. दादाला सगळं कळलं होतं. तो पाठ करून भुसा झाडत होता.

"मेहुण्याला जपून शिकव," धाकटा म्हणाला. "बोटं जातील त्याची."

"तो कशाला येतोय? परवाच नाही म्हटलं मी त्याला," दादा म्हणाला. "इथे आपल्या दोघांचंच भागायची मारामार."

धाकट्याचा गुडघा ठणकत होता. टेबलापुढे एक नवं स्टूल होतं, काल ते नव्हतं. तो कसाबसा त्यावर टेकला.

टेबल बरोबर त्याच्या मनगटाखाली आलं, आणि न वाकणारा डावा पाय आडपट्ट्या गाळलेल्या जागेतून सरळ पलीकडे गेला.