घरबसल्या लग्न

तिसऱ्यांदाही पासवर्ड चुकीचा निघाला, तेव्हा टीव्हीवाल्या मेकॅनिकने रिमोट मांडीवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"आजोबा, मुलाला फोन लावा. त्यांनीच चुकीचा पाठवलाय."

फोन लावून उपयोग नव्हता. मुलगा परगावी मंगल कार्यालयात होता, स्वतःच्या मुलीच्या लग्नात. आज तो फोन उचलणार नाही, हे आजोबांना ठाऊक होतं. ते इस्त्रीच्या कोटात खुर्चीच्या कडेवर बसले होते. लग्न घरबसल्या बघायचं असलं तरी बसावं लग्नाला बसल्यासारखं, म्हणून सकाळीच दाढी करून तयार झालेले. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मुलाने पाठवलेली अक्षरं एकदा पाहिली, मग पडद्यावरची पाहिली.

"पाचव्या जागी तुम्ही शून्य टाकलंय. तो मोठा ओ आहे. शून्य अंगानं बारीक असतं. याचं पोट बघा कसं सुटलंय."

मेकॅनिकने ओ टाकला. पडद्यावर गोल गोल फिरणारी रेघ थांबली आणि टीव्ही वायफायला जोडला गेला. या वयात काय नजर आहे, असं तो म्हणाला, तेव्हा आजोबा खुलले. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, म्हणाले. उलटी अक्षरं वाचण्यात जन्म गेला, सुलट्यांची काय कथा.

याच नजरेने घात केला होता. व्याह्यांनी लग्नाची पत्रिका छापून पाठवली, तेव्हा आजोबांनी त्यात तीन चुका काढल्या. एक तर व्याह्यांच्या आडनावातच होती. मी स्वतः सांगतो त्यांना, भेट झाली की, असं ते जेवताना बोलून गेले. सुनेने मुलाकडे पाहिलं. दोन दिवसांनी मुलगा शेजारी येऊन बसला आणि प्रवास तुम्हाला झेपायचा नाही म्हणाला. नवा टीव्ही घेऊ, पहिल्या रांगेतूनसुद्धा दिसत नाही इतकं स्वच्छ दिसेल. टीव्ही आला, तो खोक्यातच राहिला. जोडायला माणूस आला तो आज, घर रिकामं झाल्यावर.

मेकॅनिकने मुलाने पाठवलेली लिंक उघडून दिली. पडद्यावर कार्यालयाचं दार आलं, फुलांची कमान आली, आत शिरणारी माणसं आली. आवाजही लख्ख होता. हे तिथे घडतं तसंच दिसतं, फक्त मिनिटभर मागे असतं, एवढं सांगून तो वायर गुंडाळायला बसला.

कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात मुलगा पाठमोरा उभा होता. त्याच्यासमोर व्याही. आजोबांनी त्यांना आजवर फोटोतच पाहिलं होतं. माणूस हसतमुख वाटला.

"वडील कुठे दिसत नाहीत तुमचे?" व्याह्यांनी विचारलं.

"आणण्यासारखं राहिलं नाही हो काही. माणसंच ओळखत नाहीत आता. मलाही नाही."

मुलाचा आवाज इतका साधा होता की क्षणभर आजोबांनाही ते खरं वाटलं.

मेकॅनिकचे वायर गुंडाळणारे हात थांबले. आवाज कमी करू का, त्याने विचारलं. आजोबांनी नको म्हणून मान हलवली. मग कोटाचं वरचं बटण काढलं, परत लावलं.

तेवढ्यात हातातला मोबाईल वाजला. मुलाचाच फोन.

"बाबा, मी बोलतोय. दिसतंय ना सगळं नीट?"

मागे कार्यालयातला गलका ऐकू येत होता. मुलगा घाईघाईने बोलत होता, जेवलात का, गोळी घेतलीत का. आजोबा ऐकत राहिले. छापता येणार नाही अशी शिवी द्यावी, असं त्यांना वाटलं. पण त्यापेक्षा जास्त लागेल असं काहीतरी त्यांना सुचलं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"कोण बोलतंय?"

पलीकडून फोन कट झाला.

बरं झालं, आजोबांना वाटलं. आता लग्न होईपर्यंत हे त्याच्या काळजात रुतून राहील. त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि मुलाचा चेहरा बघायला टीव्हीकडे वळले.

टीव्हीवर अजून फोन लागायचा होता.

"मग फोन तरी लावा," व्याही म्हणत होते. "ओळखोत, न ओळखोत. मोठ्या माणसाशी दोन शब्द बोललो, एवढं तरी समाधान."

मुलगा टाळत होता. झोपले असतील, चिडतील, उगाच कशाला. व्याही ऐकेनात. शेवटी त्याने खिशातून फोन काढला आणि तो जरासा वळला. चेहरा पांढराफटक पडला होता. दोनदा त्याचा अंगठा चुकीच्या जागी पडला. व्याह्यांनीच हात पुढे करून स्पीकर चालू केला.

जेवलात का. गोळी घेतलीत का.

"कोण बोलतंय?"

टीव्हीतून आजोबांचाच आवाज आला, कोरडा आणि स्वच्छ. मेकॅनिकने खाली पाहिलं.

पडद्यावर मुलाचे खांदे सैल झाले. कोंडलेला श्वास त्याने सोडला आणि फोन बंद केला. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"फार सोसता हो तुम्ही," ते म्हणाले, आणि त्याला हाताला धरून आत घेऊन गेले.