काट्याचं ऐकून

सकाळी अकराला मोटरसायकलींची शर्यत सुटली, तेव्हा एका स्वाराची मेकॅनिक बहीण गॅरेज आवरत होती. काल तिने इंजिनला पेट्रोल जास्त जातंय की कमी हे बघायला त्याच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवला, मीटरचा काटा पेट्रोल जास्त दाखवत राहिला आणि ती पेट्रोल कमी करत गेली. “इंजिनचा आवाज कोरडा वाटतोय रे, पेट्रोल कमी पडल्यासारखा,” ती म्हणाली. “काट्याचं ऐक, ताई. तो तुझ्यासारखे टोमणे मारत नाही,” भाऊ हसला. आता, काल गाडीतून काढून ठेवलेल्या सेन्सरला मीटर लावून तिने तो मोकळ्या हवेत धरला. ही तपासणी काल घाईत राहिली होती. हवेत पेट्रोलचा थेंब नव्हता, तरी काटा जास्तच दाखवत होता. म्हणजे सेन्सरच बिघडलेला होता आणि पेट्रोल कमी केल्याने इंजिन उपाशी होतं. भर वेगात तापून जाम झालं तर भाऊ फेकला जाणार. तिने पंचांना फोन लावला. “भावाला थांबवा!” “थांबवू कशाला?” ते ओरडले. “पोरगा सगळ्यांच्या पुढे आहे, दोनच फेऱ्या राहिल्यात!”