छबूच्या नावावर

"नाही," कॅशियरबाई म्हणाल्या. "या नावाचं काहीच दिसत नाही."

सुतारदादांचं तोंड एवढंसं झालं. शेजारी बसलेली बहीण लगेच पिशवी आवरू लागली. तिला इथे यायचंच नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेल्या या कॅशियरबाई दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसतात, म्हाताऱ्या माणसांचे बँकांत विसरलेले पैसे शोधून देतात आणि चहासुद्धा स्वतःचाच पितात, हे दादांनी कुठूनसं ऐकलं आणि तिला जवळजवळ ओढत आणलं.

"चल दादा. झालं ना समाधान? असू दे आता."

पुन्हा तेच. एकतीस वर्षांपूर्वीही ती एवढंच म्हणाली होती. शिलाईचे साठवलेले बारा हजार तिने बँकेत ठेवायला दादांकडे दिले, दादांनी ते ठेवले. सही नंतर करायची होती. ती सही करायला गेली, तर बँक म्हणाली, या बाईंचं खातंच नाही. पावती दुकान हलवताना कुठे गेली देव जाणे. त्या दिवशी तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर दादांना परवडलं असतं. तिने विषयच मिटवला. पुढेही भावाला जेवायला बोलावत राहिली, आग्रह करकरून वाढत राहिली, आणि दादांच्या घशाखाली घास उतरेना. चोराला कुणी इतकं प्रेमाने वाढतं का? अलीकडे तर त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. ठेवले होते ना आपण? की लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन बसलो आणि विसरलो?

कॅशियरबाईंना मात्र घाई नव्हती. असे रिकाम्या हातांनी उठणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"बसा हो जरा. फॉर्म कोणी भरला होता?"

"तिथल्या कारकुनानेच. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. मी नुसतं तोंडी सांगितलं."

"मग आता मी तो कारकून. तेव्हा सांगितलंत तस्संच सांगा. कोणाच्या नावावर ठेवायचे?"

"बहिणीच्या."

"नाव?"

"छबू," दादा म्हणाले.

बहिणीचा पिशवीतला हात पिशवीतच राहिला. "काय सांगितलंस?"

"छबू. मग काय सांगणार?"

"अरे, ते घरातलं नाव! शाळेच्या दाखल्यावर तरी आहे का ते?"

"मी कधी बघितलाय तुझा दाखला? पाळण्यात होतीस तेव्हापासून छबूच म्हणतोय."

"आणि आडनाव?" कॅशियरबाईंनी हसू दाबत विचारलं.

"आमचंच."

"माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती, दादा!"

"म्हणून काय माझी बहीण नव्हतीस?"

कॅशियरबाईंनी छबू लिहिलं, पुढे माहेरचं आडनाव लिहिलं. थोडा वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पडदा दोघांकडे वळवला.

"पत्ता वखारीशेजारच्या सुताराच्या दुकानाचा आहे. तुमचंच का?"

दादांनी मान हलवली.

रक्कम वाढून किती झाली ते कॅशियरबाई सांगत होत्या. दोघांपैकी एकालाही ते ऐकू येत नव्हतं. बहीण चष्मा पुसून पुढे वाकली आणि पडद्यावर बोट ठेवून तारीख वाचू लागली.

"सतरा तारीख," ती म्हणाली. "मी तुला सोळाला संध्याकाळी दिले होते."

"दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी जाऊन उभा होतो मी."

दादांचा जीव भांड्यात पडला. ठेवले होते. आपणच ठेवले होते. त्यांना एकदम भूक लागल्यासारखं वाटलं.

"मी तुला कधी चोर म्हटलं नाही, दादा," बहीण हळूच म्हणाली.

"म्हणायचं होतंस. कडाकडा भांडलो असतो आणि मोकळे झालो असतो."

तिने पदराने डोळे पुसले.

कॅशियरबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "पैसे मिळतील. फक्त एक लेखी जबाब लागेल, की ही छबू म्हणजे याच बाई. यांना लहानपणापासून ओळखणारा कुणी हवा. त्याच्या शब्दावर सगळं अवलंबून राहील, तेव्हा माणूस विश्वासाचा बघा."

दादा लगबगीने उठले. "आमच्या शेजारचे मास्तर आहेत ना. लहानपणापासून ओळखतात हिला. त्यांना घेऊन येतो. माझा शब्द कशाला उगीच..."

बहिणीने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"याच्याकडून घ्या लिहून," ती म्हणाली. "हा खोटं बोलत नाही."