दुसरं कडवं

नाताळची गाणी म्हणत चर्चची मंडळी गल्लीत शिरली, तेव्हा रिबेका दारातच उभी होती. तिच्या अंगणापाशी येताच मात्र ढोलकी थांबली. माना खाली घालून सगळे मुकाट्यानं पुढे निघाले.

"सॉलोमन भाऊजी, आमचं घर वगळलंत?" तिनं हाक मारली.

सॉलोमन कानकोंडे झाले. "वहिनी, दानिएलला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. दुःखाच्या घरासमोर ढोलकी कशी वाजवायची?"

"तीस वर्षं ते तुमच्यात गायले. आता त्यांच्याच दारात मुकं राहणार?"

सॉलोमननी ढोलकीवाल्याला खूण केली. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसरं कडवं दानिएल एकटा म्हणायचा. तिथं सगळेच थबकले.

मग रिबेकानंच ते उचललं. इतकी वर्षं ती करंज्यांची ताटं भरता भरता स्वयंपाकघरातून नवऱ्याचं गाणं ऐकायची. शब्द न् शब्द पाठ होता. आवाज कापत होता, पण तिनं कडवं पूर्ण केलं. शेवटच्या ओळीला सगळ्यांनी साथ धरली.

चहा पिऊन मंडळी उठली. रिबेकानं खांद्यावर शाल घेतली, दाराला कडी लावली आणि विचारलं, "पुढचं घर कोणाचं?"