घरातली कानडी

डॉक्टरांनी पितळी ताटावर पळी हाणली तशी नागुबाई बसल्या जागी दचकली. दारातला कंपाउंडर दचकला. खिडकीच्या गजावरची चिमणी भुर्रकन उडाली. दचकला नाही तो फक्त रवळू. ताट त्याच्याच डोक्यामागं वाजलं होतं, आणि नागुबाईचा हा तीन वर्षांचा नातू चिमणी कुठं गेली ते बघत बसला होता.

"जिभेला काही झालेलं नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "ह्याला ऐकूच येत नाही. जन्मल्यापासून."

नागुबाईनं सुनेकडं पाहिलं. राजाबाई मान खाली घालून पोराच्या सदऱ्याची गुंडी लावत होती.

डॉक्टर चुकला, असंच नागुबाईला वाटलं. पोर का बोलत नाही ते तिनं केव्हाच ओळखलं होतं. राजाबाई बैलहोंगलाकडची. जात एक, देव एक, पण बोली कानडी. नागुबाईचा मुलगा भरमू तिला येळ्ळुरात ठेवून लढाईवर गेला. लढाई संपली तरी अजून परतला नव्हता. कानडीचं नागुबाईला वावडं होतं असं नाही. बेळगावच्या बाजारात ती स्वतः कानडीत घासाघीस करायची. पण बाजार वेगळा आणि पाळणा वेगळा. आजी मराठीत बोलावणार, आई कानडीत जोजवणार. लेकरानं कुणाचं ऐकावं? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत. तिनं फर्मान काढलं, ह्या उंबऱ्याच्या आत कानडी बंद.

सुनेनं ते पाळलं. पाळण्याचं गाणं थांबलं. भाऊ भेटायला आला तर ती त्याच्याशी गोठ्यात जाऊन बोलायची. सासूला मारायची हाक, 'आत्ती', दोन्ही भाषांत सारखी, म्हणून तेवढी तिच्याजवळ उरली. हळूहळू ती बोलायचीच राहिली. पोराशी सगळा कारभार हातानं. गालाला हात लावला की झोप, ओठांना बोटं लावली की जेवण. हाक मारायची तर वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहायची. नागुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तोंड बंद केलं म्हणून ही हातानं टोमणे मारते, असं तिला वाटे.

गल्लीत कुणी चुकून विचारलं, "पोर मुकं हाय काय गं?" तर नागुबाई अंगावर धावून जायची. "मुकं असंल तुझं! ह्येची जीभ हिच्या कानडीनं अडीवलीया. बोलंल आज ना उद्या." मुकं म्हटलं की माणूस संपला, हे तिला ठाऊक होतं. वेशीपाशी एक मुका पडून असायचा. आईबापांनी ठेवलेलं त्याचं नाव गावाला आठवत नव्हतं. पोरं त्याच्यामागं खडे घेऊन धावायची.

एवढं करूनही कानडी घरातून गेली नाही. जोंधळे पाखडताना नागुबाईच्या कानावर ते पाळण्याचं गाणं यायचं, बारीक, भिंतीआडून आल्यासारखं. ती सूप टाकून आत जायची. सुनेचं तोंड मिटलेलं. एकदा तर राजाबाई रानात होती आणि गाणं माजघरात. नागुबाईनं अंगारा लावला, उंबऱ्यावर लिंबू कापलं. गाणं हललं नाही. तिला त्याची भीती वाटायची. आणि गोडही वाटायचं, पण हे ती कुणाला सांगणार?

"पोर पोटात असताना अंगावर पुरळ उठलं होतं का?" डॉक्टरांनी राजाबाईला विचारलं. "बारीक, गोवरासारखं?"

"व्हय. तिसरा म्हैना हुता."

"जर्मन गोवर म्हणतात त्याला."

"जर्मन?" नागुबाई उसळली. "आमच्या गल्लीत कुठला आलाय जर्मन?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सावकाश समजावलं. आईला हा गोवर हलका जातो, ती विसरूनही जाते. पण पोटात त्या वेळी जिवाचे कान, डोळे घडत असतात, त्यांना तो बाधू शकतो. परदेशातल्या डॉक्टरांच्या हे लढाईच्या काळात ध्यानात आलं होतं. "ह्याचंही तेच झालेलं दिसतंय. भाषेचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "कानडी बोला नाहीतर मराठी. ह्याच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही."

नागुबाईला आठवलं. तो गोवर घरात आधी तिलाच निघाला होता. म्हातारपणी गोवर, म्हणून गल्ली हसली होती. आणि तिनं ह्याच पोटुशा सुनेला उशाशी बसवून घेतलं होतं, कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायला.

बाहेर चिंचेखाली गाडी सोडलेली होती. नागुबाई चाकाला टेकून मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"बोल गं माझी बाय. बोल तुझ्या कानडीत. मीच तोंड शिवलं तुझं. काय उपेग झाला त्येचा?"

राजाबाईनं रवळूला गाडीत बसवलं आणि ती सासूशेजारी येऊन टेकली.

"त्येला ऐकू येत न्हाय, हे मला त्यो रांगत हुता तवाच कळलतं, आत्ती."

नागुबाईनं पदरानं डोळे पुसले. "मग माझ्या शिव्या का खाल्ल्यास? कानडी का सोडलीस?"

"कानडी सुटली की पोर बोलंल, म्हणत हुता न्हवं तुमी," राजाबाई म्हणाली. "तवर तुमी त्येला कुणाला मुका म्हणू देत न्हवता."