वीस आकडी संख्या

आईच्या शेवटच्या आजारात बाबा तिच्या उशाशी बसून दर पाच मिनिटांनी "बरं वाटतंय का?" विचारायचे. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. एके दिवशी आईने वैतागून कागदावर मनाला येतील ते वीस आकडे ओळीने लिहिले आणि म्हणाली, "घ्या. या संख्येला कशाने भाग जातो ते शोधा आणि मला जरा झोपू द्या."

त्याच आठवड्यात ती गेली. बाबांनी भागाकार सोडला नाही. दोन, तीन, पाच, सात करत रोज संध्याकाळी चार मूळ संख्या, तेही हाताने. सहा वर्षं झाली, एकतीस वह्या भरल्या. कॅल्क्युलेटरला या घरात पूर्वीपासूनच किंमत नव्हती.

परवा मला राहवलं नाही. कॉम्प्युटरला विचारलं, तर त्याने क्षणात सांगितलं, सतरा हजार तीनशे एकोणनव्वदने पूर्ण भाग जातो. वह्या उपसल्या. बाबांनी दुसऱ्याच वर्षी तो भागाकार केला होता आणि खाली बाकी लिहिली होती, एक. जन्मभर पोरांचे हातचे तपासणारा माणूस स्वतः हातचा चुकला आणि पुढची चार वर्षं उगाच भागत बसला. सांगावं की गप्प बसावं, ते न ठरवताच मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

त्यांनी चष्म्यावरून पानाकडे पाहिलं.



"बाकी शून्यच आली होती रे. पण तुझ्या आईने सांगितलेलं ते शेवटचं काम. संपवायचा धीर झाला नाही."